हलका हात

रक्ताला जात नसते.

असं आमच्या डायलिसिस विभागाच्या दारावर लिहिलेलं होतं. निळी पाटी, पांढरी अक्षरं, दुरून वाचता येतील एवढी ठळक. खाली बारीक अक्षरांत देणगीदाराचं नाव होतं: अमुक ज्ञाती हितवर्धक मंडळ. ज्ञातीचं नाव इथे देत नाही, कारण मंडळ अजून चालू आहे आणि दर दिवाळीत गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार करतं. ज्ञातीतल्या.

त्या पाटीखालून, एकवीस वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी, सोमण अप्पांना चाकाच्या खुर्चीतून आत आणलं. एरवी ते चालत यायचे. पाटीखाली चपला काढायचे आणि आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारायचे, "काय हरणगावकर, सोडलं का पाणी?" त्या दिवशी खुर्ची त्यांच्या पत्नी मालतीकाकू ढकलत होत्या. अप्पांचं तोंड उघडं होतं, पण ते बोलण्यासाठी नव्हतं.

मी, मशीनवरचा तंत्रज्ञ, आणि बनसोडे सिस्टरांनी त्यांना दोन्हीकडून धरून वजनकाट्यावर उभं केलं. सिस्टरांनी धरलेला हात अप्पांनी तेवढ्यातही सोडवून घेतला आणि भिंतीला टेकवला.

"पाच किलो जास्त," मी म्हणालो. "अप्पा, शनिवारी का नाही आलात?"

"नातवाची मुंज होती ना, पुण्याला," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, अक्षता फोनवरून टाका. ऐकतात कुठे? आणि येताना एसटीत डाव्या हातावरच झोपले. मी दोनदा हलवलं."

"जेवणात काय होतं?"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. "आमरस. दोन वाट्या."

"दीड," अप्पा म्हणाले. धाप लागलेली असतानाही त्यांना मापातली चूक सहन होत नसे.

ज्यांना या आजाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मूत्रपिंडं बंद पडली की प्यायलेलं पाणी अंगातच साठतं, पाय सुजतात, मग छातीत भरतं. आंब्यातला एक क्षार रक्तात साचला तर हृदय न सांगता थांबतं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, मशीन हे सगळं बाहेर काढतं. एक पाळी चुकली तर चालतं असं पेशंट म्हणतात. आम्ही म्हणत नाही.

अप्पा पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं होते. कालव्यांचं पाणी मोजणं हे त्यांचं काम. कुठल्या गावाला किती दिवस, किती इंच, हे तोंडपाठ. निवृत्तीनंतर दोन वर्षांत डॉक्टरांनी त्यांना दिवसाला एक लिटर पाणी ठरवून दिलं, तेव्हा ते म्हणाले होते, "शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला काय वाटत असेल ते आता कळतंय." सगळा विभाग हसला होता. त्यांचं असं होतं, ते आले की हॉस्पिटल हॉस्पिटलसारखं वाटेनासं व्हायचं.

पहिल्या दिवशी त्यांना मशीनवर घ्यायला बनसोडे सिस्टर गेल्या होत्या. शकुंतला बनसोडे. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, चष्मा कायम डोक्यावर. मला सुई धरायला त्यांनीच शिकवलं. त्यांनी टोचलेलं पेशंटला कळायचं नाही, हे मी कौतुकानं म्हणत नाही. शेजारच्या खाटेवरचे मुल्लाचाचा, बाजारपेठेतले टेलर, दर वेळी विचारायचे, "झालं काय सिस्टर?" आणि तोवर मशीन फिरायला लागलेलं असायचं.

अप्पांनी सिस्टरांच्या छातीवरचा बिल्ला वाचला आणि बाही खाली ओढली.

"नाही, म्हणजे तसं काही नाही," ते म्हणाले. "पण दुसरं कुणी आहे का?"

'तसं काही नाही' हे वाक्य मी नोकरीत अनेक चालींवर ऐकलंय. सिस्टरांनी ट्रे माझ्या हातात दिला आणि त्या मुल्लाचाचांकडे वळल्या.

अप्पांनी मला विचारलं, "नाव काय तुमचं?"

"सुहास हरणगावकर."

"हरणगावचे?"

"मूळचे."

"वडील काय करतात?"

"शिक्षक होते. गेले मागच्या वर्षी."

अप्पा माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग बाही वर सारून हात पुढे करत म्हणाले, "हरणगावकर. म्हणजे आमच्यातलेच तुम्ही."

हा प्रश्न नव्हता. त्यांनी वाक्य पूर्ण करून टाकलं होतं. मी सुई उजेडात धरून तपासत होतो. सुई तपासताना माणूस बोलत नाही, असा नियम कुठेही नाही. मी तो तिथल्या तिथे केला.

माझे वडील हरणगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बनसोडे गुरुजी होते. मी पाळण्यात असताना त्यांनी सरकारी राजपत्रात चार ओळी छापून घेतल्या आणि आम्ही हरणगावकर झालो. मुलाला वर्गात पहिल्या दिवशी आडनावावरून ओळखू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. ती पूर्ण झाली. मला कुणी ओळखलं नाही. सिस्टरांचे यजमान वडिलांचे चुलत भाऊ. म्हणजे नात्यानं त्या माझ्या काकू, पण हॉस्पिटलात मी त्यांना सिस्टर म्हणायचो आणि त्यांनी ते कधी दुरुस्त केलं नाही.

त्या दिवशी चहाला बसल्यावर त्या बशीत चहा ओतत म्हणाल्या, "काय हो, आमच्यातले?"

"सिस्टर, मी काही बोललो नाही."

"ऐकलं ना मी. काही बोलला नाहीस ते."

"पेशंट नवीन होता. पहिल्याच दिवशी कशाला..."

"अरे, माझं काय जातंय? दिवसाला दोन सुया कमी." त्यांनी बशी तोंडाला लावली, खाली ठेवली. "फक्त एक कर. त्यांच्या हातावर जागा बदलत जा. रोज तिथंच टोचू नको."

हे मात्र त्यांनी पुढे दोन वर्षं सांगितलं.

डाव्या मनगटाच्या वर डॉक्टर एक लहानसं ऑपरेशन करून धमनी आणि शीर जोडतात. शीर फुगून दोरखंडासारखी होते आणि तिच्यावर बोट ठेवलं की आत भुंगा कोंडल्यासारखी भुणभुण लागते. ती भुणभुण आहे तोवर पेशंट आहे. अप्पा त्याला 'माझा कालवा' म्हणायचे. दर वेळी त्यात दोन सुया. एकीतून रक्त मशीनकडे जातं, दुसरीतून परत येतं. सुईची जागा दर वेळी थोडी वरखाली करायची असते, नाहीतर तिथली शीर आतून जाड होते, अरुंद होते. पण जुन्या जागी टोचलं की दुखत नाही, आणि अप्पांना दुखलं नाही की ते काकूंना म्हणायचे, "हात हलका आहे पोराचा." आठवड्यातून तीनदा हे ऐकायला मिळत असेल तर माणूस जागा कशाला बदलेल?

अप्पांना आमच्या विभागात घरच्यासारखं वाटायचं, याचं आणखी एक कारण होतं. रक्त गाळायची नळी प्रत्येक पेशंटची वेगळी, नावानिशी, वेगळ्या डब्यात. एकाची दुसऱ्याला लागू द्यायची नाही, चुकून लागली तर फेकून द्यायची. शिवाशिव पाळणं हा आमच्याकडे आरोग्याचा नियम होता आणि मी तो फार काटेकोरपणे पाळायचो. फक्त एक गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती. एका वेळेला साधारण एकशेवीस लिटर पाणी त्यांच्या रक्ताला खेटून वाहायचं, आणि रोज सकाळी ते पाणी तपासून सोडायच्या बनसोडे सिस्टर.

चार तास पडून राहायचं म्हणजे बोलणं आलंच. अप्पांनी मला पाण्याचा उतार कसा काढतात ते शिकवलं, पेन्शनच्या अर्जातली मेख शिकवली, मधुमेह असून चिवडा कसा लपवावा तेही शिकवलं. वडील जाऊन वर्ष झालं होतं. कुणीतरी दुपारी "जेवलास का रे?" असं विचारतंय, याची मला सवय लागली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलं नाही.

दुसऱ्या वर्षी मालतीकाकूंनी माझं लग्न मनावर घेतलं.

"आमच्या वृंदाला बघता का?" त्या मोसंबी सोलता सोलता म्हणाल्या. मोसंबी त्यांच्यासाठी होती, अप्पांना बंदी होती. "माझ्या भावाची मुलगी. बी.कॉम. आहे. पत्रिका आणून देते."

मी तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, "अगं, त्याचं ठरलंय."

"ठरलंय? कधी?"

"मागेच. मला म्हणाला होता. तू उगाच घोळ घालू नकोस."

माझं काहीही ठरलं नव्हतं. मला वाटलं, पोराला लग्नाची घाई नाही, हे ओळखून म्हाताऱ्यानं मला वाचवलं. त्या दिवशी मी त्यांची सुई काढून कापूस दहा मिनिटं स्वतः दाबून धरला. एरवी ते काम नातेवाईक करतात.

तर तो सोमवार.

अप्पांना तीन नंबरच्या खाटेवर घेतलं. मी त्यांच्या हातावर बोटं ठेवली. भुणभुण होती, पण लांबून यावी तशी. नेहमीच्या जागी पहिली सुई घातली. रक्त आलं नाही. थोडी मागे घेतली, फिरवली. अप्पांनी डोळे मिटून घेतले.

"दुखलं?"

"नाही रे. चालू दे."

दुसऱ्या नेहमीच्या जागी घातली. थेंबभर काळं रक्त आलं आणि थांबलं. दोन वर्षं त्याच दोन भोकांत सुया घालून मी ती शीर आतून बुजवत आणली होती, आणि एसटीतल्या झोपेनं उरलेलं काम केलं होतं.

सिस्टर बाजूला येऊन उभ्या राहिल्या. अप्पांच्या हाताला न लावता, हवेतच बोट फिरवून त्यांनी मला दाखवलं. "तिथं नको आता. कोपराच्या वर, आतल्या अंगाला बघ. तिथं आहे एक. खोल आहे, पण चांगली आहे."

मी चाचपलं. मला काहीच लागलं नाही.

"मला नाही सापडत."

"मला दिसतीय इथून," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी हातमोजे चढवायला घेतले. "अप्पा, मी करते एकदा. एकच सुई, आज तिच्यातूनच रक्त घेऊ आणि परत देऊ. लगेच होईल."

अप्पांनी डोळे उघडले. त्यांचे ओठ निळसर दिसायला लागले होते.

"नको. मुलगा करेल."

"अहो, करू द्या ना त्यांना," काकू म्हणाल्या.

"तू गप्प बस."

पलीकडच्या खाटेवरून मुल्लाचाचा म्हणाले, "अप्पा, सिस्टरच्या हातानं कळतसुद्धा नाही हो. अल्लाची शपथ. सहा वर्षं घेतोय मी."

"तसं काही नाही, मुल्लासाहेब," अप्पा म्हणाले. प्रत्येक शब्दाला त्यांना एक श्वास लागत होता. "सवय आहे... त्याच्या हाताची."

मी डॉक्टरांना फोन लावला. मोठे डॉक्टर शहरातून मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. सोमवार होता.

"सिस्टरांना करू दे की," डॉक्टर म्हणाले.

"पेशंट नको म्हणतोय सर."

"का?"

"तसं काही नाही म्हणतात."

"शुद्धीवर आहेत ना? मग जबरदस्ती करता येणार नाही. कॅल्शियमचं इंजेक्शन द्या. तू आणखी एकदा बघ, नाहीतर सही घेऊन इकडे पाठवा. मानेतून नळी टाकावी लागेल."

शहर सत्तर किलोमीटर होतं.

मी फोन ठेवला. सिस्टर माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सुहास, सांग त्यांना."

"काय सांगू?"

"काय सांगायचं ते तुला माहितीय. दोन वर्षं बनसोड्याच्याच हातानं टोचून घेतायत म्हणावं. काही झालं नाही. अजून एकीनं टोचलं तर काय होणाराय?"

मला ते वाक्य पूर्ण पाठ आहे. कुठे थांबायचं, कुठल्या शब्दावर जोर द्यायचा, सगळं. एकवीस वर्षं सराव केलाय. त्या दिवशी मात्र मला एक फार चांगलं कारण सुचलं. मी सांगितलं आणि ते मलाही नको म्हणाले, तर मग टोचणार कोण? पेशंटच्या हिताचं कारण होतं ते. इतकं चांगलं होतं, की मी ते पुढे बरीच वर्षं वापरलं. खरं म्हणजे बाकीच्या तीन खाटांवरचे तीन पेशंट माझ्याकडे बघत होते, मालतीकाकू बघत होत्या, आणि अप्पांनी मला 'मुलगा' म्हटलं होतं.

"एकदा बघतो मी," मी म्हणालो.

सिस्टरांनी हातमोजे उतरवले. रागानं नाही. एकात एक घालून, नीट गुंडाळी करून, डब्यात टाकले.

"कर रे," अप्पा म्हणाले. "घाबरू नकोस. हात हलका आहे तुझा."

मी कोपराच्या वर, आतल्या अंगाला, सिस्टरांनी दाखवलेल्या जागी सुई घातली. रक्त आलं. लाल, जोरात. अर्धं मिनिट मला वाटलं, जमलं. काकूंनी हात जोडले. मी मशीन जोडून चालू केलं आणि अप्पांचा दंड माझ्या डोळ्यांदेखत फुगायला लागला. सुई शीर भेदून पलीकडे गेली होती. मशीन बंद केलं, सुई काढली, दाबून धरली. दंड चेंडूसारखा टणक झाला. सूज खालपर्यंत उतरली. मी मनगटाच्या वर बोटं ठेवली. मग जरा वर. मग पुन्हा खाली.

भुंगा गप्प झाला होता.

"सिस्टर," मी म्हणालो. "आता तुम्ही बघा." हे मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. अप्पा काही बोलले नाहीत. त्यांची बोलायची ताकद संपली होती.

सिस्टरांनी त्या हातावर पहिल्यांदा बोटं ठेवली. खालपासून वरपर्यंत, सावकाश.

"आता माझ्याही हातनं व्हायचं नाही," त्या म्हणाल्या. "गाडी बोलाव."

पेशंटला शहरात पाठवताना बरोबर नर्सनं जायचं, तंत्रज्ञानं विभाग सोडायचा नाही, असा आमचा नियम होता. तीन पेशंट मशीनवर होते. काकूंना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. मागे ऑक्सिजन लावून अप्पा, आणि त्यांच्याशेजारी बनसोडे सिस्टर. दार लावताना मी म्हणालो, "अप्पा, शनिवारी भेटू." त्यांनी बरा हात थोडा उचलला. कुणाला ते मला कळलं नाही.

गाडी दुपारी एक वाजता परत आली. सिस्टर एकट्याच उतरल्या. आधी त्यांनी हात धुतले, मग पदरानं तोंड पुसलं.

"कारखान्याच्या फाट्याच्या पुढं," त्या म्हणाल्या. "शहर आलंच होतं. काकूंना तिथं जाईपर्यंत सांगितलं नाही. पुढं बसल्या होत्या, जप करत होत्या."

मी उभाच होतो.

"पाणी मागत होते सारखं."

"मग?"

"मग काय? आता काय लिटर मोजायचं राहिलं होतं का? माझ्या बाटलीतलं दिलं. झाकणानं. तीन-चार झाकणं घेतली."

"तुमच्या बाटलीतलं?"

"दुसरी कुठली असणार रुग्णवाहिकेत?"

"काही म्हणाले?"

सिस्टरांनी चष्मा डोक्यावरून काढला, पुसला आणि परत डोक्यावरच ठेवला. "म्हणाले, गार आहे."

"त्यांना कळलं का, कोण..."

"डोळे मिटलेले होते. मी काही बोलले नाही." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझ्याकडून शिकले."

वहीत पेशंट पाठवण्याचं कारण लिहायचा एक रकाना असतो. मी लिहिलं, 'शीर मिळाली नाही.' सिस्टरांनी खाली सही केली. आडनाव नेहमीप्रमाणे स्पष्ट, सुटं सुटं.

जूनच्या शेवटी मालतीकाकू आल्या. हातात स्टीलचा डबा, वरून ओल्या पंच्याचं आवरण. कपाळ मोकळं. पाटीखाली चपला काढून त्या आत आल्या आणि तीन नंबरच्या खाटेकडे न बघता माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. खाटेवर दुसरा पेशंट होता.

"ह्यांची रक्तवाढीची इंजेक्शनं राहिली होती फ्रीजमध्ये. दोन. बर्फात घालून आणलीयेत. कुणा गरिबाला होतील. ती महाग असतात ना?"

"हो. बरं केलंत."

त्या बसूनच राहिल्या. मशीनचा आवाज चालू होता.

"तुम्हाला एक सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणजे, रागावू नका. वृंदाचं विचारलं होतं ना मी तुम्हाला? त्या दिवशी घरी गेल्यावर हे माझ्यावर केवढे चिडले. म्हणाले, अगं, तो बनसोडे मास्तरांचा मुलगा. हरणगावच्या कालव्यावर तीन वर्षं होते हे, लग्नाआधी. तुमच्या वडिलांच्या शाळेतच सामान ठेवायचे. सुट्टीच्या दिवशी मास्तर यांच्याबरोबर माप धरायला यायचे म्हणे. भला माणूस, म्हणायचे. तुमचे कान अगदी तसेच आहेत म्हणाले."

मी काही बोललो नाही. सुईसुद्धा नव्हती हातात.

"हरणगावात आपलं एक घर नाही, मग हरणगावकर आपल्यातला कुठून येणार, एवढं कळत नाही का तुला, असं मला म्हणाले."

"पण पहिल्या दिवशी त्यांनीच तर..."

"मीही तेच विचारलं. तर म्हणाले, तोही काही बोलला नाही, मीही काही बोललो नाही. कुणाचं काही बिघडलं नाही. बोललं की पंचाईत होते. आणि पोराचा हात हलका आहे." काकूंनी पंच्याचं टोक पिळलं. थेंबभर पाणी जमिनीवर पडलं, ते त्यांनी पायानं पुसलं. "तुमच्यावर जीव होता हो त्यांचा. खोटं नाही सांगत. फक्त ते वृंदाचं तेवढं..."

"आणि सिस्टर?" मी विचारलं. "त्यांना का नाही...?"

काकूंना प्रश्नाचं नवल वाटलं. "त्यांच्या बिल्ल्यावर नाव होतं ना," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात सिस्टर आतल्या खोलीतून आल्या. काकू उठल्या आणि डबा त्यांच्या हातात दिला. दोघी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, डबा दोघींच्या हातांत. मग काकू म्हणाल्या, "येते हं," आणि रिक्षा थांबवून ठेवलीय म्हणून घाईनं गेल्या. जिन्यावर त्यांच्या चपला बराच वेळ वाजत होत्या.

"काय म्हणत होत्या?" सिस्टरांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "इंजेक्शनं द्यायला आल्या होत्या."

सिस्टरांनी डबा उघडला, बर्फाच्या पाण्यातून दोन्ही खोकी बाहेर काढली, पुसली, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि खिडकीपाशी जाऊन त्यांवरची तारीख वाचली.

दोन्हींची मुदत एप्रिलमध्येच संपली होती.